चंद्रासुराची शोकसभा

उखा वारला तेव्हा गावाला अजिबात सवड नव्हती. जून लागलेला, औतं जुंपायच्या घाईत सगळे. अशा वेळी कापसाच्या जिनिंगमधल्या एका दमेकरी मजुराने मरावं, हे गावाला जरा गैरसोयीचंच वाटलं. तिरडीमागे जेमतेम पंधरा-सोळा माणसं होती. त्यातही दोघं वाटेतूनच आपापल्या शेताकडे वळली.

पुढे दीड महिन्याने अमेरिकेची दोन माणसं चंद्रावर उतरली. ग्रामपंचायतीच्या रेडिओने ती बातमी दिवसभर सांगितली, आणि गावाला एकदम उखाची आठवण झाली. आठवण म्हणजे अशी की, अरे, आपल्याकडे तर चंद्रावरचा माणूस अकरा वर्षांपूर्वीच होता! तो काय करतो सध्या? कोणीतरी सांगितलं, तो मेला. मग गाव हळहळलं. मेलेल्या माणसासाठी जे जे करता येतं त्यात सर्वांत सोपी शोकसभा, म्हणून शोकसभा ठरली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. नंदुरबारजवळच्या कोरीटहून फार लांब नाही एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि या विषयावर चिडतात.

उखाची बायको छबूबाई हिला निरोप द्यायला पंचायतीचा शिपाई नथ्थू आला. "वहिनी, रविवारले दुपारी शाळाना पटांगणमां शोकसभा शे. सभापती येवाव शेत. फोटोले हार घालाव शेत," तो म्हणाला.

"कोना फोटोले?" छबूबाईने विचारलं.

"दादाना फोटोले. नंदुरबारथून मोठा करी आनेल शे, दरवाजाएवढा."

छबूबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. दादाचा फोटो! तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, पाटावर ठेवायला फोटो मागितला होता व्याह्यांनी, आणि घरात फोटो नव्हता. शेवटी उखाची टोपी पाटावर ठेवून तिलाच गंध लावलं. टोपीपुढे सगळे नमस्कार करत होते आणि छबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर स्वच्छ होता, पण आणखी चार-पाच वर्षांनी? तिच्या आईचा चेहरा तिला आता आठवत नव्हता. उखाचाही असाच पुसला जाईल, ही धास्ती तिला त्या दिवसापासून लागली होती. आणि इकडे त्याचा दरवाजाएवढा फोटो नंदुरबारहून येऊन पडला होता.

फोटो एकदा निघाला होता हे तिला माहीत होतं. त्या दिवशी उखाने घरी येऊन सांगितलं होतं, "फोटो निंघना वं. मी बी शे त्यामां." तो फोटो पंचायतीच्या कचेरीत लागला. तिथे बायांनी जायची पद्धत नव्हती, आणि गेली असती तरी भिंतीकडे बघत कोण उभं राहू देतं?

आता ते चंद्राचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. रशियाने आभाळात तो पहिला चेंडू सोडला त्याच्या पुढच्या गणपतीत, म्हणजे अठ्ठावन्न साली, शांतीलाल गुरुजींना नाटक लिहायची उबळ आली. गुरुजी पुण्याला आयुष्यात एकदाच गेले होते, पण बोलायचे मात्र तिथून काल रात्रीच्या गाडीने आल्यासारखे. नाटकाचं नाव 'खगोलविजय अर्थात चंद्रासुरमर्दन'. दहा दिवसांचे दहा भाग, रोज एक. पृथ्वीचा सेनापती विमानातून चंद्रावर जातो, तिथला चंद्रासुर रोज नवीन काहीतरी उपद्व्याप करतो, आणि दहाव्या दिवशी सेनापती त्याला ठार मारतो. सेनापती झाला पाटलांचा मुलगा रेवजी. त्यात निवड वगैरे काही नव्हती. मांडव पाटलांचा, बत्त्या पाटलांच्या, तेव्हा सेनापतीही पाटलांचाच.

चंद्रासुर व्हायला कोणी तयार होईना. राक्षस होऊन पाटलाच्या पोराचा मार खायचा, तोही तोंड झाकून, याची हौस कोणाला असणार? जिनिंगमधल्या उखाला गुरुजींनी बोलावलं आणि तो हो म्हणाला. त्याला नाही म्हणता येत नसे, हा त्याचा एकमेव गुण गावाला ठाऊक होता.

पोशाख गुरुजींनीच बेतला. डोक्याला बांबूचं टोपलं, त्याला सायकलचे मागचे लाल दिवे डोळे म्हणून, केळीच्या सोपटाचे केस. अंगाला दोन पोती उसवून केलेला गुडघ्याखालपर्यंतचा झगा, वर डिंकाने चिकटवलेला कापूस. पाय उघडे, कारण चंद्रावर चपला मिळत नाहीत असं गुरुजींचं शास्त्र होतं. पोती पाटलांच्या खळ्यातून आली. ती मिरचीची होती. नंदुरबारकडची मिरची काय चीज आहे हे ज्याने तिच्या वाळवणाच्या पथारीवरून वाऱ्याच्या उलट बाजूने चालून पाहिलं आहे, त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

पहिल्या दिवशी चंद्रासुराने प्रवेश केला. गर्जना करायची होती, "पृथ्वीवरच्या क्षुद्र कीटकांनो!" उखाने ती करण्यासाठी छाती भरून श्वास घेतला, तोच सगळा घोटाळा झाला. तो लागोपाठ नऊ वेळा शिंकला. मग खोकला, मग गुडघ्यांवर बसला, आणि टोपल्याखालून त्याच्या डोळ्यांचं पाणी टपटप छातीवरच्या कापसावर पडायला लागलं. बत्तीच्या उजेडात ते सगळ्यांना दिसलं. मांडव चिडीचूप झाला. मग बायांच्या बाजूने आवाज आला, "अरे, रडी ऱ्हायना ना बिचारा! घर याद ऊनं व्हई त्याले."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मांडवात पाय ठेवायला जागा उरेना. लोक शेजारच्या गावांहून गाड्या जुंपून चंद्रासुराचं रडणं पाहायला येऊ लागले. सेनापती बोलायला लागला की विडी पेटवायचे, आणि चंद्रासुर आला की विझवायचे. गुरुजींनी नाटकाच्या वहीत लगेच लिहून टाकलं, 'येथे चंद्रासुर शोकाकुल होतो', आणि जो भेटेल त्याला सांगू लागले की ही करुणरसाची योजना आपली मुळातलीच.

छबूबाई त्या दहा दिवसांत रोज त्याचे डोळे दुधाने पुसत होती. मान, काखा, मनगटं लालबुंद. ती म्हणाली, "पोता धोई टाकू का मी?" उखाने गुरुजींना विचारलं. गुरुजी घाबरलेच. म्हणाले, "खबरदार! पोती धुतलीस तर अभिनय जाईल." उखाने हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. छबूबाईला हसू आलं नाही. तिला तेव्हाही राग आला होता आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात उखाचा दम उठला की तो राग नव्याने यायचा.

गंमत अशी की उखाला त्यातही सुख होतं. जिनिंगमध्ये त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. आता लोक 'ओ चंद्रासुर' म्हणून हाक मारू लागले, तर त्याला मान मिळाल्यासारखं वाटायचं. पुढे तेच नाव पडलं. छबूबाईला बाया 'चंद्रासुरीण' म्हणायच्या. उखाचं खरं नाव हळूहळू शिधापत्रिकेपुरतं उरलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा छबूबाईचा रिवाज, आणि गावाने घ्यायचं नाही ही गावाची सवय; मग ते नाव घेणार कोण?

दहाव्या दिवशी तर लोकांनी चंद्रासुराला मारूच दिलं नाही. सेनापतीने तलवार उपसली तशी म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मांडवात प्रांतसाहेब आले होते. त्यांनी हसत हसत जीवदान दिलं आणि सकाळी या राक्षसाबरोबर आपला फोटो काढायचा म्हणाले. रेवजी सेनापतीच्या पोशाखात दातओठ खात उभा होता.

तर असा हा कलावंत. त्याच्या शोकसभेला रविवारी दुपारी तीन वाजता अख्खं गाव जमलं. टेबलावर पांढरी चादर, मध्यभागी भिंतीला टेकवून ठेवलेला तो दरवाजाएवढा फोटो, त्यावर पडदा. खुर्चीत सभापती रेवजीभाऊ. हो, तोच सेनापती; आता पंचायत समितीचा सभापती झाला होता, पोट सुटलं होतं, खादी घालत होता. बायांच्या बाजूला पहिल्याच रांगेत त्याची आई दगूबाई बसली होती. तिचा मोतीबिंदू नुकताच चिंचपाड्याच्या दवाखान्यात काढला होता, आणि जाड भिंगाचा चष्मा लागल्यापासून म्हातारी जगाकडे फुकट मिळालेल्या तमाशासारखं टक लावून बघायची.

छबूबाई तिच्या मागे बसली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पदराच्या आत तिने कापसाचं एक वस्त्र, म्हणजे देवाला घालतात ते, करून आणलं होतं. मोठ्यांचे हार घालून झाले की हळूच आपलं घालायचं, असा तिचा विचार. तिला भाषणांची पर्वा नव्हती. पडदा कधी निघतो एवढ्याकडे तिचे डोळे होते.

पण पडद्याआधी भाषणं. सोसायटीचे चेअरमन म्हणाले की त्या नाटकाला बत्तीत रॉकेल त्यांनीच घातलं होतं, नाहीतर चंद्रासुर कोणाला दिसला असता? दुसरे एक जण म्हणाले की कै. दगाजी यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे. खालून कोणीतरी 'उखा, उखा' केलं, तर ते म्हणाले, उखाजीही गेले का? अरेरे! तिसऱ्याने पंधरा मिनिटं अमेरिकेवर काढली. मग गुरुजी उठले.

"बंधुभगिनींनो," गुरुजी म्हणाले, "ते अश्रू! ते अश्रू मी त्याला शिकवले. मी म्हणालो, बाळ, शोक आतून आला पाहिजे. सात दिवस तालीम घेतली तेव्हा कुठे एक थेंब आला."

छबूबाईने खाली बघून लुगड्याचा काठ मुठीत आवळला. आतून आला म्हणे. पोत्याच्या आतून.

शेवटी पडदा ओढला. टाळ्या वाजणार होत्या, पण शोकसभा आहे हे आठवून लोकांनी हात आवरले.

फोटोत टोपलं होतं. टोपल्याला दोन दिवे, सोपटाचे केस, कापसाचा झगा आणि खाली दोन उघडे पाय. फोटोवाल्याकडे राहिलेल्या जुन्या निगेटिव्हवरून गुरुजींनी फक्त चंद्रासुर मोठा करून घेतला होता. चेहरा नव्हताच. एवढा मोठा फोटो आणि त्यात तिच्या माणसाचा चेहरा नाही! मग ती निदान पाय तरी बघू म्हणून पायांकडे बघू लागली, आणि बघतच राहिली. वीस वर्षं तिने उखाच्या पायांतले काटे सुईने काढले होते. भेगा कुठून कुठे जातात ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. हे पाय गुबगुबीत होते. या पायांना आयुष्यात ढेकूळ लागलेलं नव्हतं.

ती उभी राहिली. "हाऊ मन्हा माणूस नही," ती म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. ती पुन्हा म्हणाली. गुरुजींनी सभेकडे वळून हात जोडले. "माउली दुःखाच्या भरात आहे. आपण समजून घेऊ या." दोन बायांनी तिला दंडाला धरून खाली बसवलं, एकीने पाणी दिलं.

आता हार घालायचा. सभापतींनी हार हातात घेतला, फोटोसमोर गेले आणि थबकले. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच घाला. तुमचा शिष्य." गुरुजी म्हणाले, "छे छे, अध्यक्षांचा मान." सभापती म्हणाले, "माझा हात दुखतो आहे." असा तो हार या हातातून त्या हातात दोन-तीनदा फिरला. लोकांना वाटलं काय ही नम्रता! अखेर गुरुजींनी हार घातला, उदबत्ती लावली, आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

त्या स्तब्धतेत दगूबाई तेवढी बसून होती, गुडघे दुखतात म्हणून. बसल्यामुळे तिचे डोळे नेमके फोटोतल्या पायांच्या उंचीवर आले. तिने चष्मा सारखा केला. पुढे सरकली. बोट लावून मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. मग करंगळीशेजारी आणखी एक.

"अरे हाऊ ते मन्हा रेवजी शे!" म्हातारीने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले. "डावा पायले सव बोटे! मी जनम देल शे त्याले, माले नही कयनार? मन्हा जित्ता आंडोरले हार घाली दिधा रे! तुम्हनं वाटोयं होवो! काढा तो हार, उदबत्ती विझाडा!"

छबूबाई दोनदा बोलली तेव्हा एक माणूस हलला नव्हता. सभापतींची आई एकदाच बोलली आणि टेबल उलटं झालं. चार जण हाराकडे धावले, नथ्थूने उदबत्ती तांब्यात बुडवली, कोणी लिंबू आणा, कोणी मीठ आणा. जिवंत माणसाच्या फोटोला हार, वर दोन मिनिटं स्तब्धता! सभापतींच्या आयुष्याची दोरी गावाने भर दुपारी कापून ठेवली होती. म्हातारी लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडत होती, आणि सभापती, जे एरवी सूटबूटवाल्यांशी शुद्ध बोलायचे, ते "माय, तू बठ ना, माय, काही नही व्हत," एवढंच म्हणत होते.

गोंधळ जरा बसला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न उगवला, की रेवजीभाऊ राक्षसाच्या पोशाखात काय करत होते? सगळे गुरुजींकडे बघू लागले.

गुरुजींनी घसा साफ केला. "असं आहे," ते म्हणाले, "प्रांतसाहेब त्या राक्षसाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढणार होते. आता साहेबांचा हात आणि जिनिंगमधला... म्हणजे पाटीलबाबांनाच ते बरं दिसेना. म्हणून फोटोपुरतं रेवजीभाऊंनी टोपलं घातलं. शेवटी महत्त्व पात्राला असतं, आतल्या माणसाला नव्हे. मी स्वतः हे इतकं विसरून गेलो होतो, की परवा मोठा करायला देतानाही माझ्या लक्षात आलं नाही."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. अकरा वर्षं एकच थाप मारली की मारणाऱ्यालाही ती पटते.

छबूबाई पुन्हा उठली. या वेळी तिला कोणी खाली बसवलं नाही.

"मंग त्या कोठे व्हतात?" तिने नवऱ्याबद्दल विचारलं. "माले बोलनात, मी बी शे त्यामां."

गुरुजींनी सभापतींकडे बघितलं. सभापतींनी आपल्या पायांकडे बघितलं. एरवी उन्हाळ्यातही ते मोजे का घालायचे, हे आता गावाला उमगलं.

"होता ना," गुरुजी पुटपुटले. "फोटोच्या मागे पांढरी चादर धरायची होती. ती त्याने धरली होती."

"तो फोटो माले जोयजे," छबूबाई म्हणाली. "कचेरीमधला. आते."

ग्रामसेवक म्हणाले, ती सरकारी मालमत्ता आहे, साठा नोंदवहीत नोंद आहे, अर्ज करावा लागेल. दगूबाई तिथूनच गरजली, "दी टाक रे तिले! जे शे ते दी टाक!" नथ्थू धावत जाऊन फोटो घेऊन आला.

तीन बोटं धूळ होती काचेवर. छबूबाईने पदराने पुसली. मध्ये प्रांतसाहेब, त्यांचा हात चंद्रासुराच्या खांद्यावर. अलीकडे पाटील, पलीकडे गुरुजी छाती फुगवून. मागे पांढरी चादर. आणि चादरीच्या वरच्या काठावर, उजव्या कोपऱ्यात, चार बोटं. बाकी माणूस सगळा चादरीमागे.

तिने ती बोटं ओळखली. दुसऱ्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं, जिनिंगच्या पट्ट्याने. तो खोटं बोलला नव्हता. तो होता त्यामां, होता तेवढा. अकरा वर्षं हे त्याने एकट्याने पोटात ठेवलं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून. छबूबाई तिथेच, सगळ्या गावासमोर, त्याच्या मरणानंतर पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने रडली. आणि त्या रडण्याला कोणी अभिनय म्हणालं नाही एवढं गावाचं नशीब.

महिन्याभराने शांतीलाल गुरुजी तिच्या घरी आले. गावात त्यांचं नाव फार खराब झालं होतं, ते जरा सारवावं असा बेत. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि आत भिंतीकडे त्यांची नजर गेली. फोटो टांगलेला होता. पण त्यात ना प्रांतसाहेब होते, ना पाटील, ना राक्षस, ना गुरुजी. वाण्याकडच्या पुड्यांचे खाकी कागद कणकेच्या खळीने काचेवर चिकटवलेले होते, एकेका माणसावर बेतून कापलेले. सगळी चौकट खाकी. फक्त वरच्या कोपऱ्यात चार बोटं, आणि त्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेलं कापसाचं वस्त्र.

गुरुजींना आपली जागा ओळखू आली. "बाई," ते जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "आम्हाला अगदी सगळ्यांनाच झाकून टाकलं?"

छबूबाईने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला.

"आते त्या भिंतवर हार शे ना गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हीन जित्ता शेतस. हारखाले कशा ठेवू तुम्हले? जो जसा जसा मरी, तसा तसा त्यानावरना कागद मी काढत जासू. तुम्हना बी काढसू, कायजी करू नका."

गुरुजींनी पाण्याला हात लावला नाही. चपला पायात नीट बसायच्या आतच ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.